मागणी आफ्रिकेची, मसुदा दुसऱ्यांचा

१४ मार्च २०१९ च्या रात्री ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा शहरावर आदळलं. नद्या फुगल्या, समुद्र आत आला, मैलोन्‌मैल शेतं पाण्याखाली गेली. माणसं घरांच्या छपरांवर आणि झाडांच्या फांद्यांवर अडकून पडली. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी या तीन देशांत मिळून हजारावर जीव गेले. महिनाभरानं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं मोझांबिकसाठी सुमारे ११ कोटी ८० लाख डॉलर तातडीनं मंजूर केले. ते अनुदान नव्हतं, कर्ज होतं. बिनव्याजी, पण पै न्‌ पै परत करायचं. मंजुरीला आठवडा उलटायच्या आत ‘केनेथ’ हे दुसरं वादळ त्याच देशाच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन थडकलं.

हवामान परिषदांमध्ये आफ्रिका नेमकं काय मागते, असं कुणी विचारलं तर मी आधी ही गोष्ट सांगेन. वादळ बाहेरून आलं आणि कर्ज घरच्या नावावर चढलं.

जगातली १८ टक्क्यांच्या आसपास माणसं आफ्रिकेत राहतात. जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्या खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे, आणि त्यातलाही मोठा हिस्सा दक्षिण आफ्रिका, इजिप्त, अल्जीरिया अशा मोजक्या देशांचा. सुमारे ६० कोटी आफ्रिकी लोकांच्या घरी वीज पोचलेली नाही. ज्यांच्या घरात अजून दिवा लागला नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या धुराचा हप्ता भरायचा? हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

गेली काही वर्षं दाते देश, बड्या देणगीदार संस्था आणि सल्लागार कंपन्या यांच्या तोंडी एक वाक्य बसून गेलं आहे : आफ्रिकेचं हवामान-नेतृत्व घडवायला हवं. त्यासाठी कार्यशाळा होतात, शिष्यवृत्त्या निघतात, फोटो छापले जातात. शिष्यवृत्त्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या वाढाव्यात. पण त्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. हे नेतृत्व घडून तीस वर्षं झाली. घोडं अडलंय ते ऐकणाऱ्यांपाशी आणि पैसे देणाऱ्यांपाशी.

१९९५ साली बर्लिनला पहिली हवामान परिषद भरली, तेव्हाच आफ्रिकी देशांनी आपला वाटाघाटी गट बांधला. आज त्यात ५४ देश आहेत. अध्यक्षपद खंडभर फिरतं असतं : माली, गॅबॉन, झांबिया, केनिया, आणि २०२५ च्या बेलेम परिषदेच्या वेळी टांझानियाचे रिचर्ड मुयुंगी. वाळवंटापासून वर्षावनापर्यंत आणि तेलसंपन्न देशापासून कर्जबाजारी देशापर्यंत इतकी निरनिराळी राष्ट्रं एका मागणीवर येतात, हेच मुळात मोठं राजकारण आहे. युरोपीय संघाला २७ देशांचं एकमत करताना किती घाम फुटतो ते आपण पाहतोच.

या गटानं काय केलं? नोव्हेंबर २००९ मध्ये, कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर बार्सिलोनाला बैठका चालू होत्या. श्रीमंत देश स्वतःचं उत्सर्जन किती घटवणार, तो आकडा काही केल्या टेबलावर येईना. आफ्रिकी गटानं सरळ बहिष्कार टाकला. आधी आकडा, मग बाकीच्या गप्पा. बैठका थांबल्या आणि वेळापत्रक बदलावं लागलं. महिन्याभरानं कोपनहेगनला सुदानचे वाटाघाटीकार लुमुम्बा दि-आपिंग यांनी जगाला सुनावलं की तापमानवाढीची जी सरासरी तुम्ही सुरक्षित म्हणून मान्य करताय, ती आफ्रिकेसाठी सुरक्षित नाही, कारण तिथली जमीन सरासरीपेक्षा जास्त तापते. तेव्हा त्यांना भडक म्हणून हिणवलं गेलं. सहा वर्षांनी पॅरिस कराराच्या मजकुरात दीड अंशाचा उल्लेख आला. त्यामागे लहान बेटांच्या देशांची झुंज होतीच, पण आफ्रिकेचा आवाजही होता.

२०११ च्या डर्बन परिषदेत गाडी रुतली, ठरलेली वेळ दीड दिवसानं उलटून गेली. यजमान दक्षिण आफ्रिकेनं ‘इन्डाबा’ बसवली, म्हणजे झुलू समाजातल्या जाणत्यांची बैठक असते तशी : सगळ्यांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकानं आपली अडचण उघड बोलायची आणि वाट काढल्याशिवाय उठायचं नाही. त्यातून जो रस्ता निघाला तोच पुढे पॅरिसला पोचला. पॅरिसमध्ये फ्रेंच यजमानांनी हीच पद्धत वापरली. पॅरिसचं श्रेय वाटताना डर्बन किती जणांना आठवतं?

पण मला सर्वांत जास्त लागतं ते अनुकूलनाचं. अनुकूलन, म्हणजे बदललेल्या हवामानात तग धरण्याची सोय : पुराचं पाणी काढून देणारे नाले, दुष्काळात टिकणारं बियाणं, वादळाचा इशारा वेळेवर पोचवणारी यंत्रणा, तापलेल्या दवाखान्यात चालणारा पंखा. उत्सर्जन कमी करण्याला जसं जागतिक उद्दिष्ट आहे तसं अनुकूलनालाही हवं, ही कल्पना आफ्रिकी गटानं २०१३ मध्ये मांडली. २०१५ च्या पॅरिस करारात ती सातव्या कलमात आली. एका खंडानं आपल्या अनुभवातून कल्पना काढली आणि जगानं ती करारात लिहिली. याला नेतृत्व नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पुढे काय झालं ते ऐका. उद्दिष्ट कागदावर आलं, पण ते मोजायचं कसं यावर दहा वर्षं घोंगडं भिजत पडलं. अखेर बेलेममध्ये मोजपट्टी ठरवायची वेळ आली. आफ्रिकी गटाचं म्हणणं होतं, घाई करू नका, आणखी दोन वर्षं द्या, कारण पैशाची सोय न करता नुसती मोजणी लादली तर ज्यांच्याकडे साधनं नाहीत त्यांच्याच गुणपत्रिकेवर लाल शेरा पडेल. शेवटच्या घटकेला ५९ निर्देशांकांची यादी पुढे आली. तज्ज्ञांनी दोन वर्षं खपून केलेल्या यादीत इतकी कापाकापी झाली होती की सिएरा लिओनचे मंत्री जिवोह अब्दुलाई यांनी भर सभागृहात सांगितलं, यातले कित्येक निर्देशांक मोजताच येणार नाहीत. त्यांचं म्हणणं नोंदवलं गेलं, ठराव कायम राहिला. अनुकूलनाचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करण्यासाठी प्रयत्न व्हावेत, असंही ठरलं. गरीब देशांनी २०३० म्हटलं होतं. मागणी आफ्रिकेची, मसुदा दुसऱ्यांचा आणि तारीखही दुसऱ्यांची.

हे असं का होतं, ते समजायला वाटाघाटींच्या खोल्यांत डोकावावं लागतं. दूरदर्शनवर दिसतं ते मोठं सभागृह : झेंडे, राष्ट्रप्रमुख, प्रत्येकी काही मिनिटांची भाषणं. निर्णय तिथे होत नाहीत. निर्णय होतात आजूबाजूच्या लहान खोल्यांत, जिथे पडद्यावर मसुदा लावलेला असतो आणि ज्या ज्या शब्दावर कुणाचा आक्षेप आहे तो शब्द चौकटी कंसात अडकवलेला असतो. कंस काढायचा की ठेवायचा यावर तास जातात. अशा बैठका एका वेळी अनेक चालतात : पैशाची एक, अनुकूलनाची दुसरी, कार्बन बाजाराची तिसरी, शेतीची चौथी, शिवाय गटाची आपली सकाळची बैठक वेगळी. श्रीमंत देशाचं शिष्टमंडळ प्रत्येक खोलीत माणूस बसवतं, मागे वकील ठेवतं, आणि माणूस थकला की दुसरा पाठवतं. लहान आफ्रिकी देशाचे खरे वाटाघाटीकार मोजून तीन-चार. तेच लोक धावत या खोलीतून त्या खोलीत जातात. दुसऱ्या आठवड्यात बैठका पहाटेपर्यंत रेंगाळतात. ज्या खोलीत तुमचा माणूस नाही, त्या खोलीत तुमचा कंस कुणीतरी काढून टाकतं. ठराव मंजूर झाल्याचा हातोडा पडल्यावर काही करता येत नाही.

आता भाषा बघा. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत. मोठ्या सभागृहात कानाला यंत्र लावलं की दुभाष्याचा आवाज येतो. लहान खोल्यांत दुभाषे नसतात. तिथे सगळं इंग्रजीत. नायजर, चाड, बुर्किना फासो, माली, सेनेगल इथल्या अधिकाऱ्यांचं शिक्षण फ्रेंचमधून झालेलं. मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ यांची राज्यभाषा पोर्तुगीज, आणि ती तर त्या सहा भाषांतही नाही. बैरात पाण्यात उभा राहिलेला माणूस घरी सेना किंवा न्दाऊ बोलतो, कचेरीत पोर्तुगीज बोलतो आणि आपल्या शहराच्या भवितव्यावर रात्री दोन वाजता त्याला तिसऱ्या भाषेत, कायद्याच्या बारकाव्यांसह, वाद घालावा लागतो. समोरचा मात्र आपल्या मातृभाषेत आरामात बोलतो. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं. तीस वर्षं हे चालू आहे आणि दरवर्षी ‘सर्वसमावेशक’ परिषद म्हणून भाषणं होतात.

व्हिसाचंही तेच. हवामान कराराचं सचिवालय जर्मनीत बॉनला आहे. वर्षातली खरी तांत्रिक बैठक दर जूनमध्ये तिथेच होते. व्हिसा उशिरा मिळाल्याच्या किंवा मिळालाच नसल्याच्या तक्रारी आफ्रिकी प्रतिनिधींकडून वारंवार येतात. काहींच्या देशात व्हिसाची सोयच नाही, दुसऱ्या देशाच्या राजधानीत जाऊन अर्ज द्यावा लागतो. गरीब देशांच्या दोन-तीन प्रतिनिधींचा प्रवासखर्च एका स्वेच्छा निधीतून होतो. स्वेच्छा निधी म्हणजे दात्यांची इच्छा असेल तेवढाच. विमानाच्या तिकिटासाठी ज्याच्यापुढे हात पसरायचा, त्याच्याशीच दुसऱ्या दिवशी भांडायचं.

पैसे असले की दारं कशी उघडतात, ते २०२४ मध्ये बाकूला दिसलं. ‘किक बिग पोल्युटर्स आउट’ या आघाडीनं यादी तपासली. कोळसा, तेल आणि वायू उद्योगांशी संबंधित १,७७३ प्रतिनिधींना प्रवेशपत्रं मिळाली होती. हवामानाच्या माऱ्यात सर्वांत पुढे असलेल्या दहा देशांची शिष्टमंडळं एकत्र केली तरी भरत होती १,०३३. त्या इमारतीत कुणाचं वजन जास्त होतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि पुरावा? खोलीत शिरलात, भाषा जमली, तरी पुढचा प्रश्न तयार असतो : नुकसान हवामानबदलानं झालं, हे सिद्ध करा. सिद्ध करायला पाऊस मोजावा लागतो, तापमान मोजावं लागतं, वर्षानुवर्षं. जमिनीवरच्या हवामान-निरीक्षण केंद्रांचं जाळं सगळ्या खंडांत आफ्रिकेत सर्वांत विरळ आहे. संशोधनाचं काय? १९९० ते २०२० या काळात जगात हवामान संशोधनावर जो पैसा खर्च झाला त्यातला ३.८ टक्के आफ्रिकेवरच्या अभ्यासाला मिळाला. त्या ३.८ टक्क्यांतला जेमतेम १४.५ टक्के आफ्रिकेतल्या संस्थांच्या हाती पडला. बहुतेक सारा युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे गेला. आंतरराष्ट्रीय हवामान समितीचं, म्हणजे आयपीसीसीचं, अध्यक्षपद आजवर एकाही आफ्रिकी शास्त्रज्ञाला निवडणुकीनं मिळालेलं नाही. २०२३ मध्ये नैरोबीत निवडणूक झाली, डर्बनच्या डेब्रा रॉबर्ट्स रिंगणात होत्या. आफ्रिकेच्या भूमीवर ती निवडणूक ब्रिटनच्या जिम स्की यांनी जिंकली. स्की यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. पण पहिल्या अध्यक्षापासून पाचव्यापर्यंत सगळे युरोप नाहीतर आशियाचे, ही यादी डोळ्यांत खुपायला हवी.

ज्ञान नाही म्हणून हे होतं असं कुणी म्हणणार असेल, तर त्यानं याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याचं काम बघावं. बुर्किना फासोच्या उत्तरेला, यातेंगा प्रांतातला हा माणूस. १९८० च्या दशकात दुष्काळानं तिथली जमीन दगडासारखी झाली होती, वरचा थर पापडी धरून बसलेला, पाऊस पडला की पाणी वाहून जायचं. गावंच्या गावं उठून चालली होती. सावाडोगो मागे राहिला. त्या भागात ‘झाई’ नावाची जुनी रीत होती : कडक जमिनीत छोटे खड्डे खणून त्यात बी टाकायचं. त्यानं खड्डे मोठे आणि खोल केले, पावसाची वाट न बघता कोरड्या दिवसांतच खणले आणि त्यात शेणखत भरलं. खतानं वाळवी आली. वाळवीनं खाली बोगदे पाडले. पहिला पाऊस त्या बोगद्यांतून आत मुरला आणि ज्वारी-बाजरी उभी राहिली. खतातून आलेल्या बियांतून झाडं उगवली, ती त्यानं तोडली नाहीत, राखली. पुढे तिथे जंगल झालं. आधी गावानं त्याला वेडा ठरवलं होतं, मग दूरदूरचे शेतकरी त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. २०१८ मध्ये त्याला ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये तो गेला. शेजारच्या नायजरमध्ये शेतकऱ्यांनी शेतातली जुनी खोडं न उपटता वाढू दिली आणि पन्नास लाख हेक्टरच्या आसपास जमिनीवर झाडी परत आणली.

आता गरीब देशांना हवामानासाठी पैसा देणाऱ्या ग्रीन क्लायमेट फंडाकडे जा. मुख्यालय दक्षिण कोरियात. तिथून थेट पैसा घ्यायला तुमच्या देशातल्या संस्थेला मान्यता लागते, आणि मान्यतेच्या कागदपत्रांत वर्षं जातात. ज्यांना ते झेपत नाही, त्यांचा पैसा मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या हातून येतो आणि वाटेत प्रत्येक हात आपलं शुल्क कापून घेतो. सावाडोगोच्या गावापर्यंत त्यातलं किती पोचणार?

जो पैसा येतो त्याचं रूपही बघून घ्या. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत द्यायचे होते. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबानं ते २०२२ मध्ये पुरे झाले. त्यातला सरकारी पैसा तपासला तर जवळजवळ ७० टक्के कर्ज. दक्षिण आफ्रिकेनं कोळसा सोडावा म्हणून २०२१ मध्ये ग्लासगोत साडेआठ अब्ज डॉलरची घोषणा गाजावाजा करून झाली. त्यात अनुदान चार टक्क्यांच्या आसपास होतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेरच पडली. हानी आणि नुकसान निधी इजिप्तच्या शर्म अल-शेखला २०२२ मध्ये मंजूर झाला, आफ्रिकेच्या भूमीवर. तो क्षण मोठा होता आणि मी तो मोठाच मानतो. पण त्यात पहिल्यांदा जमा झालेली वचनं ७० कोटी डॉलरच्या घरातली. एका वादळाचं बिल याहून मोठं असतं.

२४ नोव्हेंबर २०२४. रविवार पहाट, बाकूचं ऑलिम्पिक स्टेडियम. आफ्रिकी गटानं वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची मागणी केली होती. अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांनी ३०० अब्जांचा ठराव वाचला, तोही २०३५ पर्यंत गाठायचा, आणि कुणाला काही बोलायचंय का ते न बघता हातोडा आपटला. भारताच्या चांदनी रैना उठल्या. हा आकडा दृष्टिभ्रम आहे, भारत तो मान्य करत नाही, असं त्यांनी नोंदवलं. नायजेरियाच्या प्रतिनिधी त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि त्याहून कडक बोलल्या. ठराव बदलला नाही. पण त्या पहाटे दिल्ली आणि अबुजा एका रांगेत दिसल्या, याचं मला समाधान आहे. अशी रांग अधिक वेळा लागायला हवी.

कारण ती नेहमी लागत नाही, हेही खरं आहे. २०११ मध्ये डर्बनला आफ्रिकी देशांपैकी बरेच जण आणि लहान बेटं युरोपबरोबर कायदेशीर बंधनाच्या बाजूला होती. आपल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन समन्यायासाठी लढत होत्या. दोघांचीही बाजू समजण्यासारखी होती. पण त्या रात्री आफ्रिकेची भीती आपल्याला पुरती कळली नव्हती, असं माझं मत आहे. बैराच्या माणसाला आपला कोळसा किती वर्षं चालेल याच्याशी कर्तव्य नाही. पुढचं वादळ किती जोराचं असेल, याच्याशी आहे.

आणि हे दूरच्या खंडाचं दुखणं नाही. मे २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीत, नागपूरच्या काटोल भागात टोळधाड उतरली. शेतकरी टाळेबंदीतही बाहेर पडून ताटं, पत्रे, डबे बडवत होते, संत्र्याच्या बागांवर रात्री फवारे मारत होते. ते टोळ राजस्थानमार्गे आले. मूळ साखळी सुरू झाली २०१८ मध्ये, अरबी द्वीपकल्पाच्या वाळवंटात दोन चक्रीवादळांनी पाणी साचलं तेव्हा. त्या ओलीत टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या निपजल्या. एक फळी इराण-पाकिस्तानकडे आली, दुसरी येमेनवरून सोमालिया-इथियोपियाकडे गेली आणि केनियानं सत्तर वर्षांत पाहिली नव्हती अशी धाड पाहिली. काटोलचा बागाईतदार आणि केनियाचा मका पिकवणारा एकाच समुद्राच्या तापण्याची किंमत मोजतात.

आफ्रिकी सरकारांनाही मोकळं सोडता येत नाही. कोपनहेगनला जायच्या आदल्या दिवसांत इथियोपियाचे पंतप्रधान मेलेस झेनावी पॅरिसला गेले आणि फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांच्याबरोबर गटाच्या मागणीहून कितीतरी खालच्या आकड्यावर राजी झाले. आफ्रिकेतल्या चळवळींना तो विश्वासघात वाटला आणि तसं वाटणं योग्यच होतं. २०२३ मध्ये दुबईला नायजेरियाच्या नावावर १,४११ जणांची नोंद झाली. त्यांपैकी किती जण लहान खोल्यांत बसून मसुदा वाचत होते? दुसरीकडे, कसलेल्या वाटाघाटीकाराची बदली दुसऱ्या खात्यात होते आणि दहा वर्षांची जाण त्याच्याबरोबर निघून जाते. शर्म अल-शेखला जग जमलं तेव्हा यजमान सरकारच्या तुरुंगात लोकशाहीवादी कार्यकर्ते अला अब्देल फत्ताह उपोषणाला बसले होते. हवामानाच्या न्यायाची भाषा बोलणाऱ्या सरकारांना आपल्या नागरिकांचा आवाज ऐकता आला पाहिजे. नाहीतर बॉनमध्ये आमचं ऐका म्हणायला तोंड कुठे राहतं?

तरीही पारडं कुठे झुकतं ते मला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नैरोबीला आफ्रिकेनं स्वतःची पहिली हवामान परिषद घेतली, आणि जाहीरनाम्यात जागतिक कार्बन कराची आणि कर्जव्यवस्था बदलण्याची मागणी लिहिली. केनियाची वीज आजच जवळजवळ नव्वद टक्के भूगर्भातली उष्णता, वारा, पाणी आणि सूर्य यांपासून येते. इथियोपियानं २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारी आयात करणं बंद केलं. नाईलवरचं मोठं धरण त्या देशानं आपल्याच लोकांचे रोखे आणि पगारातली कपात यांतून उभं केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. इजिप्त आणि सुदान त्या धरणावर नाराज आहेत आणि तो तंटा खरा आहे. पण आम्हाला पैसे द्या तरच हलतो, असं म्हणणारा हा खंड नाही.

२०२७ ची परिषद अदिस अबाबाला ठरली आहे. ती ‘आफ्रिकेची परिषद’ म्हणून सगळे गौरवतील. मराकेश दोनदा, नैरोबी, डर्बन, शर्म अल-शेख, या सगळ्या आफ्रिकेच्याच परिषदा होत्या. यजमानपदानं खोलीची किल्ली मिळत नाही. किल्ली मिळवायची तर त्याआधीच्या जूनच्या बैठकांतच ठरवून घ्यावं लागेल. अनुकूलन आणि पैसा या दोन विषयांच्या लहान खोल्यांत फ्रेंच, अरबी आणि पोर्तुगीज दुभाषे बसवायचे. गरीब देशांच्या प्रतिनिधींचा खर्च दात्यांच्या मर्जीवर न ठेवता सचिवालयाच्या नियमित अंदाजपत्रकात घालायचा. व्हिसा मिळाला नाही म्हणून एखाद्या देशाचा माणूस येऊ शकला नसेल, तर त्याच्या विषयावरचा मसुदा पुढे न्यायचा नाही. आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये कायमची जागा २०२३ साली दिल्लीत मिळाली, भारताच्या अध्यक्षतेखाली. तेव्हा हे तीन ठराव बॉनमध्ये भारतानं आफ्रिकी गटाबरोबर मांडावेत, आणि सहीच्या जागी आधी त्यांचं नाव असावं.